थोरले बंधू श्रीनिवृत्तिनाथ

आज पौष वद्य एकादशी. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वरी, आज श्रीनिवृत्तिनाथ महाराजांची यात्रा भरते. कडाक्याच्या थंडीत, खांद्यावर पताका आणि मस्तकी तुळशीवृंदावन घेऊन, टाळमृदंगाच्या गजरात दिंड्या येऊन पोचतात. कुशावर्तात स्नान, त्र्यंबकराजाचे दर्शन आणि नाथांच्या समाधीवर माथा, अशी यात्रेकरूंची इच्छा असते.

ज्ञानोबामाउलीचे नाव ज्या घरात घेतले जात नाही, असे घर महाराष्ट्रात विरळा. परंतु त्या माउलीचीही जी माउली, त्या थोरल्या बंधूंचे चरित्र स्वतंत्रपणे सांगितले जाते ते क्वचितच. ज्ञानदेवांच्या चरित्रात त्यांचे गुरू म्हणून निवृत्तिनाथांचा उल्लेख येतो आणि कथा पुढे जाते. आजच्या पर्वकाळी आम्ही वाचकांपुढे ठेवणार आहोत ते निवृत्तिनाथांचे थोरलेपण. या महापुरुषाचे अवघे आयुष्य प्रवासात गेले आणि त्यातील बहुतेक प्रवास कोठे ना कोठे मोडले. मोडलेल्या वाटेवर चार लहान भावंडांनी एकमेकांना कसे सावरले, हे पाहिले म्हणजे निवृत्तिनाथ कोण होते ते कळू लागते.

या भावंडांची चरित्रकथा आपणांपर्यंत आली ती मुख्यतः नामदेवरायांच्या नावावरील आदि, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांतून, आणि पुढे महिपतीबोवांच्या ‘भक्तविजया’तून. त्यात इतिहास आणि श्रद्धा एकमेकांत मिसळलेली आहेत. ती वेगळी करण्याचा येथे हेतू नाही. परंपरेने जे सांभाळून ठेवले, तेच आम्ही आदराने सांगत आहोत.

संन्याशाची मुले

पैठणनजीक गोदावरीच्या काठी आपेगाव हे नाथांचे मूळ गाव. आजोबा गोविंदपंत आणि आजी नीराबाई. गोविंदपंतांवर नाथपंथातील थोर योगी गहिनीनाथ यांचा अनुग्रह होता, असे परंपरा मानते. त्यांचे पुत्र विठ्ठलपंत लहानपणापासून विरक्त वृत्तीचे. तीर्थयात्रा करीत ते इंद्रायणीकाठी आळंदीस आले आणि तेथील कुलकर्णी सिधोपंत यांनी आपली कन्या रुक्मिणी त्यांना दिली. संसारात पाऊल पडले, पण मन रमले नाही. एके दिवशी विठ्ठलपंत काशीस गेले आणि त्यांनी संन्यास घेतला.

पुढे त्यांचे गुरू दक्षिणेच्या यात्रेत आळंदीस आले असता, पिंपळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या रुक्मिणीबाईंनी त्यांना नमस्कार केला. स्वामींनी रिवाजाप्रमाणे पुत्रप्राप्तीचा आशीर्वाद दिला आणि मग सारी हकीकत उघड झाली. गुरूंच्या आज्ञेने विठ्ठलपंत परत गृहस्थाश्रमात आले. संन्याशाने पुन्हा संसार मांडावा, ही गोष्ट त्या काळच्या धर्मशास्त्राला मानवणारी नव्हती. देवगिरीवर रामदेवराव यादवाचे राज्य होते. त्याच दरबारातील हेमाद्री पंडिताने व्रते, दाने, श्राद्धे आणि प्रायश्चित्ते यांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला होता. अशा काळात हे कुटुंब वाळीत पडले यात नवल नाही.

या घरात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता ही चार मुले जन्मली. जन्मशकांविषयी दोन मते आहेत. प्रचलित मताप्रमाणे निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९५ म्हणजे इ. स. १२७३ चा, आणि त्यांच्या पाठची भावंडे दोन दोन वर्षांच्या अंतराने झाली. दुसऱ्या मताप्रमाणे निवृत्तिनाथांचा जन्म शके ११९० चा. मत कोणतेही घेतले तरी एक गोष्ट दिसते. धाकट्यांना सांभाळण्याची वेळ आली, तेव्हा थोरलाही लहानच होता.

ब्रह्मगिरीवरील रात्र

निवृत्तीचे मुंजीचे वय झाले. पण संन्याशाच्या मुलाची मुंज कोण लावणार? आळंदीत कोणी दाद देईना. तेव्हा विठ्ठलपंत बायकामुलांसह त्र्यंबकेश्वरी आले. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असे ते स्थान. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते आणि खाली कुशावर्तात येऊन यात्रेकरूंना मिळते. रात्री कुशावर्तात स्नान करून ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालावी, असे अनुष्ठान विठ्ठलपंतांनी आरंभिले. देवाने तरी मार्ग दाखवावा, एवढीच त्या दांपत्याची मागणी होती.

आज श्रावणातील तिसऱ्या सोमवारी हजारो भाविक ही प्रदक्षिणा घालतात, तेव्हा वाटेवर पावलोपावली माणूस असतो. त्या काळी तेथे निबिड अरण्य होते. आईबाप आणि चार चिमणी मुले, एवढाच काय तो काफिला. अशाच एका रात्री समोरून वाघ आला. जीव घेऊन पळण्यावाचून उपाय नव्हता. विठ्ठलपंतांनी धाकट्यांना कवटाळले आणि सारी वाट फुटेल तिकडे धावली. सुरक्षित जागी पोचल्यावर पाहतात तो तीनच मुले. निवृत्तीचा पत्ता नाही.

आम्ही जेव्हा जेव्हा हा प्रसंग ऐकतो, तेव्हा आमचे मन प्रथम त्या माउलीकडे जाते. गावाने टाकले, नातलगांनी टाकले. देवाच्या दारी यावे तर तेथे पोटचे पोर हरपावे. ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता यांनी त्या रात्री आणि नंतरच्या दिवसांत काय सोसले असेल, याचे वर्णन कोणी केलेले नाही. दादा परत येतो की नाही, या विवंचनेत काढलेले दिवस मुलांच्या मनातून जन्मभर जात नाहीत. पुढे या भावंडांनी एकमेकांना जन्मात अंतर दिले नाही, याचे एक बीज आम्हांस त्या रात्रीत दिसते.

इकडे अंधारात धावता धावता निवृत्ती एका गुहेत शिरला. तेथे आपल्या शिष्यांसह गहिनीनाथ तपश्चर्येस बसले होते. घाबरलेल्या त्या बालकाने योगिराजांचे पाय धरले. आजोबांवर ज्यांनी कृपा केली, त्यांनीच नातवाला जवळ घेतले. आदिनाथांपासून मत्स्येंद्रनाथ, त्यांच्यापासून गोरक्षनाथ आणि गोरक्षनाथांपासून गहिनीनाथ, असे चालत आलेले ज्ञान त्यांनी निवृत्तीच्या ओंजळीत घातले. कृष्णभक्तीची उपासना दिली आणि कलीने गांजलेल्या जीवांना तारण्याची आज्ञा केली. हीच परंपरा ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी सांगून ठेवली आहे.

काही दिवसांनी निवृत्ती परत आला. आईबापांना गेलेला जीव परत मिळाला. घरी परतल्यावर त्याने जे केले, ते आमच्या मते या चरित्राचे मर्म आहे. गुहेत मिळालेले धन त्याने स्वतःपुरते ठेवले नाही. त्याने ज्ञानदेवाला उपदेश केला आणि पुढे सोपान व मुक्ता यांनाही त्या कृपेची वाटेकरी करून घेतले. घरात गोडधोड आले की थोरल्याने धाकट्यांना वाटून मग स्वतः खावे, हा आपल्या घरांचा संस्कार. निवृत्तीने ब्रह्मज्ञानाच्या बाबतीतही तोच पाळला.

पैठणची वाट

दिवस पालटले नाहीत. आळंदीच्या शास्त्रीमंडळींकडे विठ्ठलपंतांनी पुन्हा पदर पसरला, तेव्हा देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरा मार्ग नाही, असा निर्णय मिळाला. मुलांचा मार्ग मोकळा व्हावा या आशेने त्या पतिपत्नींनी प्रयागास जाऊन त्रिवेणीत देह अर्पण केला, असे परंपरा सांगते. मागे चार मुले उरली. शास्त्राचा अर्थ लावण्यात त्या काळी कोठे चूक झाली, याची चर्चा विद्वानांनी करावी. आम्हांला मात्र रिकाम्या झोपडीत एकमेकांना बिलगून बसलेली ती चार बालके दिसतात, आणि धर्माच्या नावाने निर्दय होऊ नये, हा धडा आपणां सर्वांसाठी त्या दृश्यात आहे असे वाटते.

आता निवृत्ती घरचा कर्ता. माधुकरी मागून चौघांची पोटे भरायची, आणि शुद्धीचा प्रश्न तसाच उभा. पैठणच्या विद्वत्सभेकडून शुद्धिपत्र आणावे, असे आळंदीच्या ब्राह्मणांनी सुचविले. त्यावर भावंडांत जो विचार झाला, तो नामदेवांच्या आदिप्रकरणात आला आहे आणि तो मुळातून वाचण्यासारखा आहे. निवृत्तिनाथांची भूमिका शुद्ध ज्ञान्याची होती. ज्याला आपले स्वरूप कळले, त्याला जात, कुळ आणि वर्ण यांचा विटाळ कसला, असे त्यांचे म्हणणे. सोपानदेवांचा कल भक्तीकडे. देवाने भक्ताचे कुळ कधी विचारले नाही, हा त्यांचा आधार. ज्ञानदेवांनी मात्र असे मांडले की, आपण जरी मुक्त असलो तरी लोकांना घालून दिलेला मार्ग मोडू नये. शास्त्राचा मान राखून तोडगा मिळतो का ते पाहावे.

थोरल्याने येथे काय केले? तो वयाने वडील होता आणि गुरूही होता. त्याचा शब्द अखेरचा ठरला असता. पण त्याने धाकट्याचे म्हणणे ऐकले आणि वाट धरली. आपले मत बाजूला ठेवून घरातील लहानाच्या विवेकाला मान देणे हे वडीलपणाचे लक्षण पुष्कळांना साधत नाही. निवृत्तिनाथांना ते पोरवयात साधले.

आळंदी ते पैठण ही वाट पन्नास कोसांहून अधिक. शके १२०९ च्या सुमाराची ही यात्रा मानली, तर निवृत्ती चौदा वर्षांचा, ज्ञानदेव बारा, सोपान दहा आणि मुक्ता जेमतेम आठ वर्षांची. मागे आईबाप नाहीत, पुढे ओळखीचे कोणी नाही. ज्या गावी मुक्काम पडावा, त्या गावी आधी संन्याशाची पोरे ही कुजबुज पोचलेली. अशा वाटेवर कोणी कोणाचे गाठोडे घेतले, पायांत मोडलेला काटा कोणी काढला, पहिला घास कोणी कोणास दिला, हे लिहून ठेवायला बरोबर कोणी नव्हते. पण चौघेही पैठणास सुखरूप पोचले आणि चौघेही एकत्र राहिले, यातच त्या प्रश्नांची उत्तरे आली.

पैठणच्या सभेत पुढे जे घडले, ते लहानथोरांस ठाऊक आहे. सर्वांभूती एकच आत्मा आहे, हे ज्ञानदेवांनी सांगितले. टवाळांनी शेजारच्या रेड्याकडे बोट दाखविले. आणि ज्ञानदेवांनी मस्तकी हात ठेवताच त्या मुक्या जनावराच्या मुखातून वेदघोष उमटला. सभा विस्मित झाली. निवृत्तिनाथ त्या वेळी जवळच होते, पण कथेत त्यांचे भाषण नाही की चमत्कार नाही. शिष्याचे तेज प्रकटावे आणि गुरूने मागे राहून ते डोळे भरून पाहावे, एवढेच त्यांनी केले. मुलांनी अनन्य भक्ती करावी आणि ब्रह्मचर्याने राहावे, असा निर्वाळा पैठणकरांनी दिला. तो शिरोधार्य मानून भावंडे परत फिरली. बरोबरचा तो रेडा जुन्नरजवळील आळे येथे निमाला. तेथे आजही त्याच्या समाधीचे दर्शन घेतले जाते.

गुरू आणि दादा

परतीच्या वाटेवर प्रवरेकाठच्या नेवाशास भावंडांचा मुक्काम झाला. येथेच शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सच्चिदानंदबाबांच्या लेखणीतून ज्ञानेश्वरी कागदावर उतरली. ज्ञानदेव खांबाला टेकून गीतार्थ सांगत आणि समोर श्रोत्यांत निवृत्तिनाथ बसत. हा ग्रंथ निवृत्तिनाथांच्या आज्ञेने झाला. म्हणून अध्यायामागून अध्याय गुरुवंदनेने उजळलेले आहेत. गीतेवरील हे निरूपण पुरे झाल्यावर, आता स्वतःच्या अनुभवाचे काही स्वतंत्र सांगावे, अशी आज्ञा निवृत्तिनाथांनीच केली आणि ‘अमृतानुभव’ जन्मास आला. पुढे योगी चांगदेवांचे कोरे पत्र आले, तेव्हा त्याला उत्तर लिहिण्याचे कामही त्यांनी ज्ञानदेवांवरच सोपविले. त्यातून चांगदेव पासष्टी झाली. निवृत्तिनाथांच्या स्वतःच्या नावावर हरिपाठ आणि अभंग आहेत, ते भाविक गातात. परंतु त्यांचा खरा ग्रंथ त्यांच्या धाकट्या भावाच्या रूपाने महाराष्ट्रात आठवीत राहिला आहे.

सांभाळणे हे एकाच दिशेने होत नसते. आळंदीस परतल्यावर एकदा निवृत्तिनाथांना मांडे खाण्याची इच्छा झाली. मांड्यांसाठी कुंभाराकडे परळ आणावयास चिमुकली मुक्ता गेली, तर विसोबा चाटी यांनी तिला वाटेत मारून परतविले. रडत आलेल्या बहिणीसाठी ज्ञानदेवांनी जठराग्नी प्रदीप्त करून आपली पाठ तापविली आणि मुक्ताबाईंनी त्या पाठीवर मांडे भाजले. हे पाहून विसोबांचा अहंकार गळाला आणि पुढे तेच विसोबा खेचर म्हणून नामदेवांचे गुरू झाले. एकदा लोकांच्या बोलण्याने खिन्न होऊन ज्ञानदेव ताटी लावून आत बसले, तेव्हा त्यांना समजावून बाहेर आणले तेही मुक्ताबाईंनीच. सर्वांत धाकटी बहीण त्या क्षणी सर्वांची आई झाली. तिचे ते ताटीचे अभंग आजही घरोघरी म्हटले जातात. थोरल्याने धाकट्यांना हात दिला आणि धाकट्यांनी थोरल्यांचे मन राखले, म्हणून ते घर उभे राहिले.

एकेकाची पाठवणी

अवतारकार्य संपले असे जाणून ज्ञानदेवांनी समाधीची अनुज्ञा मागितली. मागणारा शिष्य होता, तसाच तो ब्रह्मगिरीच्या रात्री दादाची वाट पाहणारा भाऊही होता. निवृत्तिनाथांनी अनुज्ञा दिली. शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी. इ. स. १२९६ चे ते साल. आळंदीस सिद्धेश्वराच्या सन्निध, संतमेळ्याच्या साक्षीने, निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना हाती धरून समाधिस्थानी नेले आणि द्वारावरची शिळा स्वतःच्या हातांनी लावली. तेव्हा ज्ञानदेवांचे वय अवघे एकवीस होते.

त्यानंतरचा निवृत्तिनाथांचा शोक नामदेवांनी उघडपणे वर्णिला आहे. जो आत्मा मरत नाही हे जाणतो, ज्याने ते ज्ञान ज्ञानदेवांना दिले, तोच भावासाठी ढळढळा रडला. काही जणांना हे विसंगत वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. ज्ञानाने ममत्व जाते, माया जाते, पण वात्सल्य का जावे? देव भक्तासाठी कळवळतो असे आपण मानतो. मग आईच्या माघारी आई झालेल्या दादाने रडू नये, असे कोण म्हणेल? ते अश्रू नामदेवांनी झाकले नाहीत, याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे.

महिना लोटतो न लोटतो तोच मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस, कऱ्हेकाठी सासवड येथे सोपानदेवांनी समाधी घेतली. आता दोघेच उरली, निवृत्ती आणि मुक्ता. दोन भाऊ गेल्यापासून मुक्ताबाईंचे चित्त ठिकाणावर नव्हते. तिला घेऊन निवृत्तिनाथ संतांसह पुन्हा वाटेला लागले. आपेगाव, वेरूळ असा तो प्रवास करीत ते तापीतीरी पोचले. शके १२१९ चा वैशाख चालू होता. वद्य पक्षात एके दिवशी आकाश अकस्मात भरून आले, वावटळ उठली, विजेचा प्रचंड लोळ उतरला, आणि पाहता पाहता मुक्ताबाई दिसेनाशा झाल्या. तापीकाठचे मेहूण आणि कोथळी हा परिसर आजही त्या अंतर्धानाची खूण सांभाळून आहे. मुक्ताईंचे नाव धारण केलेले मुक्ताईनगर तेथेच आहे.

ब्रह्मगिरीवर वाघ आला, तेव्हा थोरला एकटा हरवला आणि सारे कुटुंब मागे राहिले. तापीकाठी वीज कोसळली, तेव्हा सारे कुटुंब गेले आणि थोरला एकटा मागे राहिला. निवृत्तिनाथ तेथून त्र्यंबकेश्वरी परतले. जेथे आईबापांचा हात सुटला आणि गुरूंचा हात मिळाला, तोच हा डोंगर. त्याच्या पायथ्याशी, शके १२१९ च्या ज्येष्ठ वद्य पक्षात, इ. स. १२९७ मध्ये, त्यांनी समाधी घेतली. ज्ञानदेवांच्या समाधीपासून सुमारे आठ महिन्यांत चारही भावंडे निजधामास गेली. थोरले सर्वांत शेवटी गेले. धाकट्या एकेकाला पोचविल्यावाचून त्यांना जाता येत नव्हते.

आजची वाट

दर ज्येष्ठात नाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीस निघते. आळंदीहून ज्ञानदेव, सासवडहून सोपानदेव आणि तापीतीराहून मुक्ताबाई निघतात. पंढरीच्या अलीकडे वाखरीस संतांच्या पालख्या एकत्र येतात, आणि चार दिशांना समाधिस्थ झालेली ती भावंडे वर्षातून एकदा परत भेटतात. त्या भेटीच्या वेळी भलेभले वारकरी डोळे पुसतात.

आज त्र्यंबकेश्वरी ज्यांचे जाणे झाले आहे, त्यांनी समाधीपुढे माथा टेकताना या थोरल्या बंधूंची ही कथा बरोबरच्या मुलांना सांगावी. ज्यांना घरीच एकादशी करावयाची आहे, त्यांनी सायंकाळी देवापुढे दिवा लावून ती सांगावी. यात्रेच्या गर्दीत आपण मुलांना नेहमी बजावतो की, आईचा पदर सोडू नका. त्याबरोबर घरातील वडील मुलाच्या हातात धाकट्याचा हात द्यावा आणि तो सांभाळण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपवावी. निवृत्तिनाथांना आवडेल अशी सेवा याहून वेगळी नसेल, असे आम्हांस वाटते.

त्या थोरल्या बंधूंच्या चरणी आमचे शतशः वंदन.